रिकाम्या फेऱ्याचं डिझेल कोण घालणार?

(‘गाडीवाल्याला विचारा’ या सदरात या वेळी चार पत्रं. उत्तरं देणारे मामा एकतीस वर्षं ट्रकवर होते. आता बेळगावात त्यांच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत.)

प्रश्न : मी २२ वर्षांचा. गाव खानापूर तालुक्यात. आयटीआय फिटर करून बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत महिना १४ हजारांवर आहे. कारचं लायसन्स आहे. मित्र म्हणतो, कर्ज काढून पिकअप घे, बेळगावची भाजी गोव्याला टाक, महिन्याला पन्नास हजार सुटतात. नाहीतर हेवी लायसन्स काढून ट्रान्सपोर्टला ड्रायव्हर म्हणून लागायचं. वडील दोन्हीला नको म्हणतात. काय करू?

उत्तर : पोरा, पन्नास हजार सुटतात म्हणणाऱ्या मित्राला एकदा चहा पाज आणि विचार, सुटतात म्हणजे कुठनं सुटतात? भाड्याचे हातात येतात ते, की डिझेल, हप्ता, टायर, विमा सगळं भागवून घरी आईच्या हातात ठेवतो ते? दहातले नऊ जण पहिला आकडा सांगतात. खोटं बोलत नाहीत बिचारे, दुसरा आकडा त्यांनी कधी काढलेलाच नसतो.

आपण काढू. समज, नऊ लाख कर्ज घेतलंस. अकरा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. हप्ता साडेएकोणीस हजारांच्या वर जातो. महिन्यात २६ दिवस गाडी फिरली तर रोज उजाडायच्या आत साडेसातशे रुपये बँकेचे झाले. अजून तू किल्ली फिरवलेली नाहीस.

आता गोव्याचा फेरा. रात्री मार्केटात कोबी, गाजर, बटाटा, मिरची भरायची, चोर्ला किंवा अनमोड घाटानं उतरायचं आणि पहाटे म्हापशाला नाहीतर मडगावला माल टाकायचा. जाताना गाडी भरलेली, भाडं रोख. सात वाजता तू मोकळा. आणि मग? गोव्यातून बेळगावला रोज येणारा माल किती? तिथं आपल्यासारख्या पन्नास गाड्या एकाच भाड्यासाठी उभ्या असतात. मी पहिली पिकअप घेतली तेव्हा एक महिना वही ठेवली होती, ती अजून माझ्याकडं आहे. २४ फेरे केले, परतीला भाडं मिळालं ७ वेळा. बाकीचे १७ फेरे मी स्वतःचं डिझेल जाळून रिकामी गाडी घाट चढवून आणली. सातातले चार फेरे मासळीचे. मासळीला भाडं बरं मिळतं म्हणून मी खूष होतो. वर्षभरात बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या पत्र्यात मुरलं आणि खालून तांबेरा धरला. पत्रा बदलायला जेवढे गेले तेवढेच मासळीनं दिले होते. शिवाय दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत भाजी भरायला गेलो की व्यापारी नाक धरायचा. पावसाळ्यात झाड पडून नाहीतर दरड येऊन घाट अडतो. हप्त्याची तारीख काही अडत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की गाडी आत्ता घेऊ नकोस. दुसऱ्याची पिकअप सहा महिने चालव. तुझ्या कारच्या लायसन्सवर ती चालते. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला वेगळं ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलंय. त्या सहा महिन्यांत दहा रुपयांची वही घे आणि रोज लिही : भाडं किती, डिझेल किती, टोल आणि हमाली किती, किती तास नुसता उभा होतास, आणि परतताना गाडी भरलेली की रिकामी. शेवटचे दोन रकाने कुणी लिहीत नाही. आमच्या धंद्यात माणूस बुडतो तो तिथंच.

हेवीचं लायसन्स या सहा महिन्यांतच उरकून घे. हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं पाहिजे आणि वय वीस पूर्ण पाहिजे, ते तुझं आहे. ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणि डॉक्टरचा फिटनेसचा दाखला जोडायचा. लायसन्स पाच वर्षांचं मिळतं. पण कागद मिळाला म्हणजे गाडी आली असं समजू नकोस. दोन-तीन महिने एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून बस. ताडपत्री कशी ओढायची, रस्सीची गाठ कुठं मारायची, भरलेली गाडी वंटमुरीच्या उतारावर कुठल्या गियरात सोडायची हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे वीर तुला भेटतील. त्यांच्या गाडीत बसू नकोस.

तुझी खरी ठेव म्हणजे फिटरचं काम. रात्री दोनला यमकनमर्डीजवळ गाडी बंद पडली की साधा ड्रायव्हर मालकाला फोन करून बसून राहतो. तू बॉनेट उघडशील. असा माणूस मालक सोडत नाही, आणि पगाराचं बोलायला तुझी बाजू वर राहते. माझ्या दहाचाकीच्या ड्रायव्हरला मी महिना १८ हजार आणि बाहेर असेल त्या दिवसाचा ४०० भत्ता देतो. तो गाडीचं निम्मं काम स्वतः करतो म्हणून दिवाळीला वेगळे देतो, ते किती हे इथं लिहीत नाही, दुसरा ड्रायव्हर पण हे मासिक वाचतो.

आणि लाइन निवडताना दोन्हीकडून भाडं मिळेल अशी निवड. तुझ्याच फाउंड्रीतलं कास्टिंग पुण्याकडं जातं की. बेळगाव ते पुणे साडेतीनशेच्या आत-बाहेर किलोमीटर, वाटेत हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे सहा टोल. खर्च भरपूर आहे, पण चाकणकडनं बेळगाव, हुबळी, बंगळूरला माल असतो. एक दिवस थांबावं लागेल, गाडी रिकामी आणावी लागणार नाही. पुढं टँकरवर जायचं मनात असलं तर धोकादायक मालाचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि थोडं इंग्रजी लिहिता-वाचता यावं लागतं. तू आयटीआयवाला, तुला जमेल. पगार तिथं जास्त आहे.

वडिलांना एकदा गोव्याच्या फेऱ्याला सोबत घेऊन जा. येताना गाडी रिकामी असेल, बोलायला भरपूर वेळ मिळेल.

प्रश्न : वय ४१. निपाणी-बंगळूर लाइनला आहे. रात्री दोन ते चार झोप आवरत नाही. चहा, तंबाखू, मोठ्यानं गाणी, सगळं करून बघितलं. मालक म्हणतो सकाळी माल पोचलाच पाहिजे.

उत्तर : निपाणीच्या माणसानं तंबाखूनं झोप जात नाही म्हणून लिहावं, म्हणजे प्रकरण गंभीर आहे!

दादा, झोपेवर एकच औषध आहे, झोप. १९९८ च्या पावसाळ्यात तवंदी घाटात माझी गाडी उजवीकडं सरकत चालली होती आणि मी डोळे उघडे ठेवून झोपलो होतो. मला जाग आली ती किन्नरानं माझ्या मांडीवर मारलेल्या बुक्कीनं. समोर केळीचा टेंपो होता. तेव्हापासून मी रात्री दीडला गाडी ढाब्यावर घालतो, आणि चाळीस मिनिटांचा गजर लावून स्टेअरिंग सोडून मागच्या बर्थवर आडवा होतो. स्टेअरिंगवर डोकं टेकून घेतलेली झोप ती झोप नव्हे.

मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विसावा, असं त्यात लिहिलंय. आता कायद्यांची नावं बदलली, संहिता झाल्या. मालक पूर्वी जे म्हणत होता तेच म्हणतोय. त्याला कायदा सांगू नका, ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद, दाखवा. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. निपाणी ते बंगळूर पावणेसहाशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे तीन दिवस. सरकारी कागदाला कसलीच घाई नाही. गाडी बंद पडून मुदत टळायची वेळ आली तरी संपायच्या आठ तास आधी किंवा नंतर ती वाढवून घेता येते. मला हे माहीत नव्हतं तेव्हा एका नाक्यावर पूर्ण रात्र गेली, असो.

आणि वहिनींना विचारा, तुम्ही घोरता का? घोरता-घोरता श्वास अडकल्यासारखा होतो का? तसं असलं तर घरी आठ तास पडून राहिलात तरी झोप पुरी होत नाही. बेळगावात कान-नाक-घशाच्या नाहीतर छातीच्या डॉक्टरला दाखवा. माझा एक जोडीदार श्वास अडकू नये म्हणून मशीन लावून झोपतो, आता रात्रीची गाडी आरामात ओढतो.

प्रश्न : माझे मिस्टर दुसऱ्याच्या दहाचाकीवर आहेत. आम्ही हुक्केरी तालुक्यातले. पगार रोख मिळतो. गाडीचा विमा आहे म्हणतात, पण त्यांना काही झालं तर मला आणि मुलांना काय मिळेल? विचारायला भीती वाटते.

उत्तर : ताई, विचारलंत ते बरं केलंत. हा प्रश्न दरवर्षी एखाद्या घरातून येतो, आणि बहुतेक वेळा उशिरा येतो.

विम्याच्या कागदावर पंधरा लाखांचा अपघात विमा लिहिलेला दिसेल. तो मालकाचा आहे, तेसुद्धा मालक स्वतः गाडी चालवत असेल तेव्हा. पगारी ड्रायव्हरला तो लागू नाही. ड्रायव्हरसाठी कामगाराच्या भरपाईचा कायदा आहे. १९२३ चा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. कामावर असताना मृत्यू आला तर महिन्याच्या पगाराच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात. चाळिसाव्या वर्षी तो आकडा १८४.१७ आहे. पगार १५ हजार धरला तर पावणेचौदा लाखांच्या वर जातात. चूक ड्रायव्हरची होती का, हे तिथं बघत नाहीत. अपघात न्यायाधिकरणाकडं गेलात तर चूक बघतात. दोन्हीकडं दावा लावता येत नाही, एकच निवडावा लागतो. म्हणून वकील आधी गाठायचा आणि सही नंतर करायची.

आता अडचण कुठं आहे बघा. पगार रोख मिळतो. उद्या मालक, चांगला माणूस असला तरी, म्हणेल की हा माझ्याकडं कधीतरी बदली म्हणून यायचा. तेव्हा तुम्ही काय दाखवणार? मिस्टरांना सांगा, निदान निम्मा पगार खात्यावर घ्या. मालक तयार नसेल तर वही. तारीख, गाडीचा नंबर, कुठून कुठं, भत्ता किती, आणि माल पोचवल्याच्या पोच पावतीचा मोबाइलवर फोटो. फोटो तुमच्या फोनवर पण पाठवायला सांगा, कारण अपघातात पहिला फुटतो तो त्यांचा फोन.

विम्याच्या कागदाचा फोटोही मागवा. ‘पेड ड्रायव्हर’ म्हणून एक ओळ असते, पन्नास रुपयांच्या आसपास हप्त्याची. ती नसेल तर पुढच्या वर्षी घालायला सांगा. पन्नास रुपयांना मालक नाही म्हणणार नाही. आणि उद्याच बँकेत जा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा मिळतो. दुसरा पन्नाशीच्या आत घ्यावा लागतो.

प्रश्न : मी मराठी, गाडी केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगची. कोल्हापूरला कर्नाटकवाला म्हणतात, धारवाडला महाराष्ट्रवाला म्हणतात. कन्नड शिकलंच पाहिजे का? आणि जाता जाता, ड्रायव्हर म्हणून मुलगी कुणी देत नाही, त्यावर काही उपाय?

उत्तर : शिक की! ‘हौद री’ (होय हो), ‘स्वल्प निल्लरी’ (जरा थांबा) एवढ्यावर तू हिरेबागेवाडीचा टोल पार करशील, पण हुबळीच्या गोदामात माल उतरवून घ्यायचा तर हिशेब कन्नडमध्ये करता आला पाहिजे. मी हमालांच्या शिव्यांपासून सुरुवात केली, ते लवकर येतं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरून हिरेबागेवाडीच्या टोलवर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं, त्या आठवड्यात मी गाडी ऑटोनगरात लावून घरी बसलो. हप्ता मी भरला, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांपैकी कुणी आला नाही. असा दिवस आला की गाडी काढायची नाही, एवढंच.

लग्नाचं म्हणशील तर मुलीच्या बापाला खरं सांग. महिन्यातून किती दिवस घरी असतोस, गाडी कुणाची, कर्ज किती. मी सांगितलं नव्हतं. सासरे बघायला आले तेव्हा दारात मालकाची बेन्झ ट्रक उभी होती, मी माझी म्हणून सांगितलं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मालक किल्ली मागायला घरी आला, आणि दार सासऱ्यांनी उघडलं.