नवजात बाळाच्या आणि लहान मुलांच्या कोणत्या तपासण्या नक्की करून घ्याव्यात?

सगळ्यात आधी थायरॉईड. बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच (थायरॉईडचं काम नीट चाललंय का हे सांगणारं संप्रेरक) तपासतात. जन्मजात थायरॉईडची कमतरता असलेलं बाळ सुरुवातीला अगदी निरोगी दिसतं, म्हणूनच ही तपासणी राहून जाते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ नीट होते. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. गोळी स्वस्त असते. रुग्णालयाने स्वतःहून केली नाही, तर कृपया मागून करून घ्या. जीसिक्सपीडी या तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता आहे का, ही तपासणीही त्याच थेंबांतून होते.

दुसरी कानांची, म्हणजे बाळाला ऐकू येतं का हे पाहणारी ओएई. झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते, दुखत नाही. महिन्याच्या आत करा. दोष वाटला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत. ‘टाळी वाजवली की दचकतो’ यावर विसंबू नका.

बाळ ३४ आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर ३० दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. यात दिरंगाई झाली तर दृष्टी जाऊ शकते.

पुढे वर्षाच्या आसपास हिमोग्लोबिन, आणि प्रत्येक लसीच्या वेळी वजन, उंची, डोक्याचा घेर. विदर्भात किंवा नंदुरबारकडे घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तीही तपासणी करा.

खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांची तपासणी मोफत असते.