एक एमबीची रिक्वेस्ट आणि अडकलेला सर्व्हर

प्रश्न : आमच्या सर्व्हरवर २ एमबीपेक्षा मोठी रिक्वेस्ट स्वीकारली जात नाही. तरीही जेमतेम १ एमबीच्या एका फॉर्म-रिक्वेस्टने प्रोसेसर बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहिला. लॉग पाहता आमचा स्वतःचा कोड तोवर सुरूही झाला नव्हता. दोष कुठे शोधावा?

उत्तर : तुमचा कोड सुरू झाला नव्हता, यातच उत्तराचा धागा आहे. फॉर्ममधला मजकूर तुमच्या हाती येण्याआधी पार्सर (मजकूर वाचून त्याचे भाग पाडणारा प्रोग्राम) तो फोडतो आणि प्रत्येक फील्डचे नाव हॅश टेबलमध्ये ठेवतो (म्हणजे नावावरून एक आकडा, 'हॅश', काढून त्यानुसार ठरणाऱ्या कप्प्यात). हे काम बहुधा लॉगिन तपासण्याच्याही आधी होत असल्यामुळे मुद्दाम अशी रिक्वेस्ट पाठवणाऱ्या हल्लेखोराला खाते उघडण्याचीही गरज पडत नाही.

जावाचे उदाहरण घ्या. 'कॅपिटल ए, स्मॉल ए' आणि 'कॅपिटल बी, कॅपिटल बी' या दोन्ही अक्षरजोड्यांचा हॅश २११२ येतो. अशा १५ जोड्या हव्या तशा एकापुढे एक लावल्या, तर ३० अक्षरांची ३२,७६८ वेगवेगळी नावे तयार होतात आणि त्या सर्वांचा हॅश एकच असतो. प्रत्येक नावामागे बरोबरचे (=) आणि जोडणीचे (&) चिन्ह धरले, तर ही रिक्वेस्ट नेमकी १ एमबीची होते. सगळी नावे एकाच कप्प्यात पडल्यामुळे नवे नाव आधीच्या प्रत्येकाशी ताडून पाहावे लागते, म्हणजे सुमारे ५३ कोटी ६८ लाख तुलना! आकाराच्या मर्यादेला यातले काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच केवळ तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

डिसेंबर २०११ मध्ये हा दोष अनेक भाषांत एकदमच उघड झाला. त्यानंतर पीएचपीने ५.३.९ या आवृत्तीत फील्डच्या संख्येवर १००० ची मर्यादा घातली, तर जावा ८ मध्ये गर्दी झालेल्या कप्प्याचे रूपांतर ट्रीमध्ये (थोड्याच तुलनांत नाव सापडेल अशा फांद्यांच्या रचनेत) होऊ लागले. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल, तर आधी ती बदला.

सर्व्हर अडकलेला असतानाच थ्रेड डंप (त्या क्षणी प्रोग्राममध्ये काय चालू आहे याची नोंद) घ्या, म्हणजे नेमके कोणते फंक्शन फिरते आहे ते कळेल. ते हॅश टेबलचे नसेल, तर रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधणारे सूत्र), जेसनमधली (माहिती पाठवण्याच्या एका मांडणीतली) एकात एक खोलवर गेलेली रचना किंवा फाइल अपलोडमधल्या भागांची बेसुमार संख्या तपासा. संख्येची आणि खोलीची मर्यादा मात्र पार्सर मजकूर वाचत असतानाच लागू झाली पाहिजे. सगळे फील्ड टेबलमध्ये भरून झाल्यावर ते मोजले, तर प्रोसेसरचा वेळ तोवर खर्ची पडलेला असतो.