यातला कोंबडा कुठला नि तलंग (म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) कुठली?

प्रश्न: खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली गावरान अंडी बसवली होती, पिल्लं आता दीड महिन्याची झालीत. शेजारच्या काकू म्हणतात टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो, खरंय का? नर-मादी कसं ओळखायचं?

उत्तर: काकूंना नमस्कार सांगा, पण अंड्याच्या आकारावरून काही कळत नाही. आत्ता तुरा बघा, एकाच वयाची पिल्लं शेजारी शेजारी धरून. ज्याचा तुरा जाड नि लालसर व्हायला लागलाय, पायही दणकट आहेत, तो बहुतेक कोंबडा, आणि तलंगीचा तुरा अजून बारीक, फिकट पिवळसर असतो. तरी लगेच विकायची घाई नको, काही तलंगींचा तुरापण लवकर लाल होतो. तीन महिन्यांच्या आसपास शेपटीच्या अलीकडची पाठीवरची पिसं बघा, कोंबड्याची लांब, टोकदार, चकचकीत आणि दोन्ही बाजूंनी लोंबणारी, तलंगीची गोल टोकाची, ही खूण सगळ्यात पक्की. हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार हलकेच उघडून आतला बारीक उंचवटा बघतात, पण ते ट्रेनिंग घेतलेल्यांचं काम, घरी करायला गेलात तर पिल्लू हकनाक मरू शकतं. पंखांच्या पिसांवरून ओळखायचं व्हिडिओत दाखवतात ते ठराविक क्रॉस जातींनाच लागू, गावरानला नाही.