परावर्तन होते, प्रतिबिंब पडते

सोलापुरातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, 'सिद्धेश्वर तलावात मंदिराचे परावर्तन दिसते' हे विद्यार्थ्याचे वाक्य खोडून त्यांनी तेथे 'प्रतिबिंब' असे लिहिले; परंतु विज्ञानाच्या पुस्तकात 'परावर्तन' असाच शब्द असल्याचे त्याने दाखवल्यावर ही दुरुस्ती योग्य होती का, अशी त्यांना शंका आली.

दुरुस्ती योग्यच होती. 'परावर्तन' हे क्रियेचे नाव आहे. 'वृत्' म्हणजे वळणे, या धातूला 'परा' हा उपसर्ग लागून 'मागे वळणे' असा अर्थ होतो आणि आपल्या रोजच्या वापरातला 'परावृत्त' हा शब्दही त्याच धातूचा आहे. 'बिंब' म्हणजे मूळ वस्तू, आणि तिच्यासारखी समोर दिसते ती आकृती म्हणजे 'प्रतिबिंब'. त्यामुळे परावर्तन होते, किरण परावर्तित होतो, आणि प्रतिबिंब पडते किंवा उमटते. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच शब्द चालत असल्यामुळे हा घोटाळा होत असावा. मराठीने मात्र हा भेद जपला आहे आणि तो जपण्यासारखा आहे.

हा भेद तलावाच्या काठावर प्रत्यक्ष पाहता येतो. वारा पडलेला असताना पाण्यात मंदिराचा कळस रेखीव दिसतो. वारा सुटून लहरी उठल्या की तो तुटतो, लांबतो आणि शेवटी नुसती चकाकी उरते. प्रतिबिंब मोडले, तरी परावर्तन क्षणभरही थांबलेले नसते. आपाती किरण (पाण्यावर येऊन पडणारा) आणि परावर्तित किरण यांचे स्तंभिकेशी, म्हणजे त्या ठिकाणी पृष्ठभागावर काढलेल्या लंबरेषेशी, होणारे कोन लहरीच्या प्रत्येक बिंदूपाशी सारखेच असतात. फक्त पाण्याचा पृष्ठभाग जागोजागी वेगळा कललेला असल्यामुळे किरण वेगवेगळ्या दिशांना जातात. पायरीवरून खाली सरळ वाकून पाहिले, तर प्रतिबिंब फिकटच दिसते, कारण लंबदिशेने पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच पाणी परत पाठवते. नजर जितकी तिरपी, तितके परावर्तन अधिक.

तलावालगतच्या भुईकोट किल्ल्याचा तट घेतला, तर प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. दगडी तटात कोणाचे प्रतिबिंब पडत नाही. पण १७ मीटरांहून दूर उभे राहून टाळी वाजवल्यास प्रतिध्वनी वेगळा ऐकू येऊ शकतो. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, तर ऐकू येणाऱ्या ध्वनीची काही सेंटिमीटरांपासून काही मीटरांपर्यंत. दगडाचा खडबडीतपणा प्रकाशाला फार मोठा असतो, ध्वनीला तो जवळजवळ जाणवतच नाही. तटावरून दोन्ही तरंगांचे परावर्तन होतेच, पण प्रकाशाचे अनियमित होते.

प्रतिध्वनीसाठी आपला जुना शब्द 'पडसाद'. संस्कृतात 'प्रतिशब्द' म्हणजे प्रतिध्वनी. प्राकृतात त्याचे 'पडिसद्द' झाले आणि मराठीत 'पडसाद'. 'प्रति'चे असेच 'पड' झालेले 'पडछाया' आणि 'पडजीभ' या शब्दांतही आढळते. आता निर्णयाचे पडसाद उमटतात, आणि 'प्रतिशब्द' म्हटले की पर्यायी शब्दच आठवतो, म्हणून शास्त्रीय लेखनात 'प्रतिध्वनी' वापरणेच सोयीचे आहे.

विद्यार्थ्याला वाक्य विज्ञानाच्या वहीत लिहायचे असेल, तर 'पाण्यावरून प्रकाशाचे परावर्तन होऊन मंदिराचे प्रतिबिंब दिसते' असे लिहावे. त्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी येतात. याच्या जोडीला आणखी एक शब्द त्याला जरूर सांगावा. पाण्यावरून उलटलेले ऊन जवळच्या भिंतीवर थरथरत राहते, तेथे परावर्तन झालेले असते, पण कोणाचेही प्रतिबिंब नसते. त्या उजेडाला, आरशाने भिंतीवर पाडलेल्या उजेडासारखेच, मराठीत 'कवडसा' म्हणतात.