'अक्षम' असा सरसकट दाखला घेऊ नका

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. आईंना डिमेन्शिया, खातं त्यांच्या एकटीच्या नावावर, फ्लॅट विकायला त्यांचा ठाम नकार. आणि भाऊ म्हणतायत, डॉक्टरांकडून 'निर्णय घेण्यास अक्षम' असा दाखला घेऊन टाकू, म्हणजे सगळंच सोपं होईल. सहा वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं. म्हणून आजार, औषधं वगैरे सोडून फक्त त्याबद्दलच लिहिते. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. तुमच्या कागदपत्रांसाठी जाणकार वकील गाठाच.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, धडधाकट असताना माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) करून दिलं होतं, रीतसर नोंदवलेलं. दोन वर्षं त्यावर पेन्शनचं खातं व्यवस्थित चाललं. मग शाखेत नवीन अधिकारी आले. "ते स्वतः का येत नाहीत? मेडिकल सर्टिफिकेट आणा, म्हणजे आमची फाइल पूर्ण होईल," म्हणाले. नक्की कशाचं सर्टिफिकेट, हे मी विचारलं नाही. उलट डॉक्टरांना मीच म्हणाले, पुन्हापुन्हा खेटे नकोत, एकदाच काय ते लिहून द्या. त्यांनी एका ओळीत लिहिलं: रुग्ण डिमेन्शियामुळे कोणताही निर्णय घेण्यास असमर्थ आहे. 'कोणताही' हा शब्द मी वाचला आणि तसाच टेबलावर ठेवून आले.

पुढच्या आठवड्यात खातं गोठवलं. कारण असं की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मनाने असमर्थ झाली की मुखत्याराचे अधिकार संपतात. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण हा कागद करून ठेवतो, त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. नेटवर निर्णय घेण्याची समर्थता गेल्यावरही चालणाऱ्या मुखत्यारपत्राबद्दल वाचाल. ते इंग्लंडमध्ये आहे, आपल्याकडे नाही. बँकेचं कायद्याने चुकलं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ज्या माणसाने तो कागद मागितला, त्याने त्याचा परिणाम आधी एका वाक्यात सांगितला असता तर? पुढे काय करायचं विचारलं, तर प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळालं: कोर्टाची ऑर्डर आणा. कुठल्या कोर्टाची, कुठल्या कायद्याखाली, कुणालाच सांगता येईना.

आमच्या पहिल्या वकिलांनी १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली अर्ज तयार केला. तो कायदा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रद्द झालेला होता. जुन्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, ती नव्यात आलीच नाही. नव्यातला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' उपचारांपुरता असतो, पैशांशी त्याचा संबंध नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याची पालकत्वाची सोय ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता अशांसाठी आहे, डिमेन्शिया त्यात बसत नाही. शेवटी घटनेच्या कलम २२६खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागली. चौदा महिने गेले. तेवढे दिवस सांभाळणाऱ्या मावशींचा पगार माझ्या पगारातून दिला. त्याचं दुःख नाही.

दुःख आत्याचं आहे. त्या काळात अण्णा रोज सकाळी चहानंतर एकच गोष्ट सांगायचे: गावच्या घरातला माझा वाटा शकूला द्या, तिने आईचं सगळं केलं. वार आठवायचा नाही, नातवाचं नाव चुकायचं, पण घर कुणाला आणि का, हे सलग कित्येक आठवडे एकाच शब्दांत. वकिलांना सांगितलं तर ते म्हणाले, तो दाखला फाइलवर असताना हे मृत्युपत्र कुणीही आव्हान देऊन अडवील. आणि कायदा मात्र अण्णांच्या बाजूचा होता! १८७२च्या करार कायद्याचं कलम १२ सांगतं की एरवी अस्थिर मनाचा माणूसही मन ठिकाणावर असेल त्या वेळी करार करू शकतो. १९२५च्या वारसा कायद्यात मृत्युपत्राबद्दल तेच आहे. समर्थता पाहायची ती त्या वेळेपुरती आणि त्या निर्णयापुरती. मी एका ओळीने ती कायमची आणि सगळ्यासाठी काढून घेतली. ऑर्डर हातात आली तोवर अण्णांनी शकूआत्याचं नाव घेणं थांबवलं होतं.

आता तुमच्या फ्लॅटचं. आई विकायला नाही म्हणतात म्हणून त्यांना कळत नाही, हा भावांचा तर्क मला अजिबात पटत नाही. माफ करा, स्पष्ट लिहिते. त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर कुणी दाखला मागितला असता का? २०१७च्या कायद्याचं कलम ४ उपचारांबद्दल हेच म्हणतं: इतरांना निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून माणूस असमर्थ ठरत नाही. तो कायदा फ्लॅटला लागू होत नाही, पण तत्त्व तेच धरायला हवं. विकल्यावर त्या कुठे राहतील, पैसे कुणाच्या हातात असतील, हे आईंना कुणी नीट सांगितलंय का? सकाळच्या वेळी, कानाचं यंत्र लावून, छोट्या वाक्यांत, भाऊ खोलीत नसताना? अचानक गोंधळ वाढला असेल तर आधी लघवीची तपासणी करा. नुसत्या संसर्गानेही या वयात माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि उपचाराने सावरतो.

डॉक्टरांकडून कागद घ्यावाच लागला तर एका ठरावीक निर्णयापुरता मागा. तारीख, वेळ, काय समजावलं, आईंनी स्वतःच्या शब्दांत काय उत्तर दिलं, हे सगळं त्यात असू द्या. स्मरणचाचणीत तीसपैकी अमुक गुण, एवढ्यावर समर्थता ठरत नाही. म्हणजे आजार लपवा असं मी म्हणत नाही. न कळणाऱ्या माणसाची सही घेणं ही फसवणूकच आहे, आणि अधिकार संपल्यावरही मुखत्यारपत्र वापरत राहणंसुद्धा चूकच.

आईंना आज खात्याचं कळत असेल तर त्यांच्या संमतीने ते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशा पद्धतीचं संयुक्त करून घ्या, हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. दुसरं नाव कुणाचं, तेही त्यांनाच ठरवू द्या. अडचण फक्त हात थरथरण्याची असेल तर अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो. त्यासाठी कुठलाही 'अक्षम' दाखला लागत नाही. मागितला तर कुठल्या नियमाखाली, ते लेखी मागा.

बुधवारी डॉक्टरांकडे जाणार आहात असं लिहिलंय. त्याआधी एक वही घ्या आणि आई फ्लॅटबद्दल जे बोलतात ते तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत लिहायला लागा. अण्णांचं मी लिहून ठेवलं नाही.