पाचशेची नोट आणि एकपात्री

प्रश्न : नमस्कार दादा, मी भांडुपला राहते, वय २७, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, दोन क्रचेस घेऊन चालते आणि कॉल सेंटरला नोकरी करते. माझ्याच आयुष्यावर पन्नास मिनिटांचं विनोदी एकपात्री लिहिलंय, लोकलचा हँडिकॅपचा डबा, स्थळं बघणं, फिजिओ, सगळं आहे त्यात. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं करून बघितलं तर पहिल्या रांगेतल्या दोन काकू चक्क डोळे पुसायला लागल्या, आणि संपल्यावर एकींनी हातात पाचशेची नोट कोंबली, वर "देव तुला बळ देवो". घरी आल्यावर आई म्हणते, चारचौघांत स्वतःचं हसं कशाला करून घेतेस. आता ओपन माईकला जायचं धाडसच होत नाहीये. स्क्रिप्ट आणि त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग सोबत पाठवलंय. स्क्रिप्ट वाईट आहे की लोक?
– टकटक, भांडुप

उत्तर : नोट परत नाही ना केलीस? नसशील तर उत्तम, ती आता तुझ्या शोची प्रॉपर्टी आहे, जपून ठेव.

स्क्रिप्ट वाचली. अगं, पहिलं पान काय आहे तर जन्म, काचेची पेटी, डॉक्टर म्हणाले चालणार नाही, आईने नवस बोलला. सात मिनिटं तू त्यांना रुमाल काढायला लावतेस आणि आठव्या मिनिटाला म्हणतेस चला आता हसा, मग काकूंचं काय चुकलं सांग! आणि चौथ्या पानावर जे सोनं आहे ते तिथे दडपून ठेवलंयस, हँडिकॅपच्या डब्यात चढल्यावर धडधाकट दिसणारा तो माणूस तुला विचारतो "तुला काय झालंय?" आणि तू म्हणतेस "आधी तुम्ही सांगा, तुम्हाला काय झालंय?" हे वाचून मी एकटाच घरात मोठ्याने हसलो. त्या डब्यात सगळे एकमेकांचे हातपाय तपासत बसलेले असतात हे मुंबईत रोज लाखो लोक खिडकीतून बघतात पण आतून कोणी सांगितलेलं नाहीये. ते पहिल्या पानावर आण. पेटी-नवस हवंच असेल तर अगदी शेवटी, तेही दोन ओळीत, तोवर लोक तुझ्या बाजूने झालेले असतात.

दुसरं, एंट्री. सोसायटीत तुला आधीच खुर्चीत बसवून पडदा उघडला, रेकॉर्डिंगमध्ये दिसलं, ते बंद. लाकडी स्टेज खालून पोकळ असतं, क्रचेसचा टक टक आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, तो जाऊ दे. विंगेतून खुर्चीपर्यंत तुला जितका वेळ लागतो तितका घे, एक शब्द बोलू नको, लोक अवघडतील, कोणीतरी खोकेल, आणि मग म्हण "थांबा, पोचतेय. मी स्लो लोकल आहे, सगळी स्टेशनं घेते." ही ओळ माझ्याकडून भेट, मानधन नको.

आता माझं सांगतो. मला दोन्ही कानांना मशीन आहे आणि मीही एकपात्री करतो, एकदा दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये ऐन प्रयोगात बॅटऱ्या गेल्या. मला वाटलं लोक गप्पच आहेत म्हणून घाबरून वाक्यावर वाक्य फेकत सुटलो, नंतर कळलं ते हसत होते आणि मी त्यांच्या हशावरून बोलत चाललो होतो! तेव्हापासून मी हशा ऐकत नाही, बघतो. माणूस हसला की आधी खांदे हलतात, मग डोकं शेजाऱ्याकडे वळतं, ते डोकं परत स्टेजकडे आलं की पुढचं वाक्य. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये तू कुठेच थांबत नाहीस. इंग्लंडचा ली रिडली म्हणून एक कॉमेडियन आहे, त्यालाही सेरेब्रल पाल्सीच, बोलता येत नाही, टॅबलेटवर टाईप केलेलं मशीन बोलतं, आणि तो २०१८ मध्ये ब्रिटन्स गॉट टॅलेंट जिंकला. पुढचं वाक्य कधी सोडायचं ते सगळं त्याच्या बोटात असतं. त्याचे व्हिडिओ बघ, जोक नीट कळले नाहीत तरी चालतील, फक्त त्याचं थांबणं बघ.

आईचं म्हणशील तर हसं होणं वेगळं, हसवणं वेगळं, हे मराठीत आधीपासूनच आहे, आणि २०२४ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानेही एका सिनेमाच्या केसमध्ये हाच फरक केला, अपंगत्वाबद्दलच्या खुळ्या समजुतींना धक्का देणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला कमी लेखणारा वेगळा. तुझ्या स्क्रिप्टमध्ये पायावर एकच जोक आहे तो काढून टाक, फार जुना आहे. बाकी सगळे स्थळ घेऊन आलेल्यांवर आहेत, ते मस्त. आणि आईला एकदा निधी गोयल यांचं स्टँडअप दाखव, मुंबईच्याच आहेत, त्यांना दिसत नाही आणि डेटिंगवर असं बोलतात की आईच तुला म्हणेल जरा बेताने लिही.

जाता जाता, तिकीट लावून थिएटरात करायचं ठरलं तर स्क्रिप्ट आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, आपण त्याला सेन्सॉरच म्हणतो, तेवढा वेळ हाताशी ठेव. आणि हॉल बुक करायच्या आधी स्वतः जाऊन विंगेतल्या पायऱ्या मोज, बाथरूम कुठल्या मजल्यावर आहे ते बघ. फोनवर सगळे "हो हो, काही प्रॉब्लेम नाही" म्हणतात.

प्रश्न : व्हीलचेअरवरच्या एका मुलाचा असाच विनोदी शो बघितला. मी खळखळून हसलो तर बायकोने कोपर मारलं. हसायचं की नाही?
– एक गोंधळलेला, गिरगाव

उत्तर : तिकीट कशाचं काढलं होतंत साहेब? तो मुलगा महिनोन् महिने वाक्यं घासतो ती तुम्ही ओठ दाबून बसावं म्हणून नाही. मला धास्ती दुसरीच आहे, शो संपल्यावर भेटायला जाऊन "तुला बघितलं की आमची दुःखं काहीच नाहीत" असं तर नाही ना बोललात? ऑस्ट्रेलियात स्टेला यंग म्हणून एक कॉमेडियन होती, व्हीलचेअरवर, तिने २०१४ मध्ये सिडनीतल्या भाषणात याचीच सालं काढली होती, की आम्ही तुम्हाला स्फूर्ती द्यायला जन्माला आलो नाही. त्यापेक्षा कुठला जोक आवडला आणि कुठला पडला ते सांगा, ते त्याला पुढच्या प्रयोगाला उपयोगी पडेल. उभं राहून टाळ्या द्यायच्या तर द्या, पण एकदा मागे बघून घ्या, तिथे कोणी व्हीलचेअरवर असेल तर त्याला फक्त तुमची पाठ दिसते.

वहिनींना माझा नमस्कार, त्या कुठल्या जोकला हसल्या ते कळवा.