वाचकांचे प्रश्न : अंधूक उजेड, आयएसओ आणि नॉइज

प्रश्न : पहाटे किंवा सूर्यास्तानंतर प्राण्यांची छायाचित्रे काढताना आयएसओ (छायाचित्र किती उजळायचे हे ठरवणारा कॅमेऱ्यातला आकडा) ६४०० च्याही वर जातो आणि छायाचित्र दाणेदार येते. म्हणून मी आयएसओ १६०० वर बांधून ठेवतो. पण मग छायाचित्र काळपट येते आणि संगणकावर उजळले की दाणे आणखीच उठून दिसतात. आयएसओ नेमका किती ठेवावा?

उत्तर : तुम्ही आयएसओला आवर घालत आहात, पण नॉइजचे, म्हणजे या दाण्यांचे, मूळ अपुऱ्या प्रकाशात आहे. सेन्सरवर प्रकाश कणाकणांनी पडतो आणि हे कण एकसारख्या प्रमाणात येत नाहीत. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर त्यांत साधारण १०० कणांचा, म्हणजे १ टक्क्याचा, फरक पडतो. जिथे सरासरी १०० च कण पोहोचतात, तिथे हा फरक १० कणांचा, म्हणजे १० टक्क्यांचा होतो आणि तोच आपल्याला दाण्यांच्या रूपाने दिसतो. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर पडणारा प्रकाश बदलत नाही. जमा झालेला सिग्नल तेवढा वाढवला जातो. त्यामुळे शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) तेच ठेवून १६०० वर काढलेले आणि नंतर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळलेले छायाचित्र ६४०० वर काढलेल्या छायाचित्रापेक्षा स्वच्छ येण्याचे काही कारण नाही. काही नव्या सेन्सरांवर दोन्ही जवळपास सारखीच दिसतात, तर अनेक जुन्या कॅमेऱ्यांत उजळलेल्या छायाचित्राच्या सावल्यांमध्ये कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक भागांचा नॉइज वर येतो आणि कधी कधी पट्टेही उमटतात.

तेव्हा आधी प्रकाश मिळवावा. लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, एफ/५.६ ऐवजी एफ/४ मिळाले, तर प्रकाश दुप्पट होतो. त्यानंतर शटर स्पीडकडे पाहावे. मान वर करून, कान टवकारून निश्चल उभ्या असलेल्या हरणासाठी १/१००० सेकंदाची गरज नसते. लेन्सला भक्कम आधार असेल, तर १/२५० सेकंदावर चौपट प्रकाश मिळतो आणि १२,८०० चा आयएसओ ३२०० वर येतो. मात्र सुरुवातीच्या काही फ्रेम वेगवान शटरवरच घ्याव्यात आणि प्राणी स्थिर आहे याची खात्री पटल्यावर एकेक पायरी खाली उतरावे. तो हलू लागला, तर बिनदिक्कत वेग वाढवावा आणि आयएसओ जिथे जाईल तिथे जाऊ द्यावा, कारण दाणे नंतर बऱ्याच अंशी कमी करता येतात, पण हलल्यामुळे पुसट झालेला डोळा परत आणता येत नाही. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर स्वतः ठरवून आयएसओ ऑटोवर सोडणे ही माझ्या मते अशा वेळची सर्वांत सोयीची पद्धत आहे. फक्त गडद पार्श्वभूमीवरचा पांढरा पक्षी असेल, तर त्याच्या पिसांतला तपशील जळू नये म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करण्याची सोय) कमी करायला विसरू नये.

आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती म्हणजे क्रॉप. दूरचा प्राणी मोठा दिसावा म्हणून आपण चित्राचा एक चतुर्थांश भाग ठेवतो, तेव्हा गोळा केलेल्या प्रकाशाचा तीन चतुर्थांश भाग टाकून देतो. त्याच आकारात पाहिल्यास १६०० चे छायाचित्र ६४०० च्या अखंड छायाचित्राइतके दाणेदार दिसते. प्राण्याला त्रास न देता थोडे जवळ जाता आले, किंवा तो परिसरासह लहानच दाखवायचे ठरवले, तर त्याचा उपयोग कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा अधिक होतो.

प्रश्न : नॉइज काढणाऱ्या एआय सॉफ्टवेअरमुळे पिसे मेणासारखी गुळगुळीत होतात. मग ते वापरूच नये का?

उत्तर : जरूर वापरावे, पण जपून. शक्यतो मूळ रॉ फाइलवर (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) आणि शार्पनिंगच्या आधी वापरावे. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच काही तपशील पुसलेला असतो. हिरवे-जांभळे ठिपके, म्हणजे रंगांचा नॉइज, निःसंकोच काढावा. उजळ-गडद दाणे मात्र बेताने कमी करावेत, कारण केस आणि पिसांचा बारीक तपशीलही त्यांच्याच आकाराचा असतो. मास्क वापरून, म्हणजे चित्राचा हवा तो भाग वेगळा निवडून, पार्श्वभूमीवर अधिक आणि प्राण्यावर कमी परिणाम साधता येतो. तरी पार्श्वभूमी अगदी निर्दाणे करू नये, नाहीतर प्राणी कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

एआयचा खरा धोका याहून वेगळा आहे. दाण्यांच्या गर्दीत जिथे माहितीच उरलेली नसते, तिथे ते पटण्याजोगा पण काल्पनिक तपशील भरू शकते. घुबडाच्या डोळ्याभोवतीची बारीक पिसे शंभर टक्के झूमवर पाहावीत आणि सलग घेतलेल्या फ्रेमपैकी पुढच्या फ्रेमवर तीच प्रक्रिया करून दोन्ही शेजारी ठेवाव्यात. पक्षी हललेला नसतानाही पिसांवरच्या रेषा दोन्हींत वेगळ्या आल्या, तर त्या सॉफ्टवेअरने रचलेल्या आहेत असे समजावे आणि प्रक्रियेचे प्रमाण त्या जुळेपर्यंत उतरवावे.